फोल्डरमधल्या फायलींची मांडणी: ती ठरते कुठे आणि टिकवायची कशी

एका फोल्डरमध्ये मोठमोठी चित्रं दिसतात, दुसऱ्यात बारीक यादी. डाउनलोड्समध्ये फायलींच्या मध्येमध्ये 'टुडे', 'लास्ट वीक' असे मथळे येतात. एखादा फोल्डर नीट लावून ठेवावा, तर त्यातलाच आतला फोल्डर उघडल्यावर सगळं वेगळंच दिसतं. मग माणूस एकेक फोल्डर दुरुस्त करत बसतो आणि शेवटी नाद सोडतो. हे काम फोल्डरवार करण्यासारखं नाहीच. विंडोज प्रत्येक फोल्डरला आधी एका प्रकारात बसवतं आणि त्या प्रकाराची ठरलेली मांडणी त्याला देतं. म्हणून प्रकाराची मांडणीच एकदा बदलली की त्या प्रकारचे सगळे फोल्डर वळणावर येतात. इथे मुख्यतः विंडोज 10 आणि 11 मधल्या फाइल एक्स्प्लोररबद्दल, म्हणजे फोल्डर उघडल्यावर दिसणाऱ्या खिडकीबद्दल, लिहिलं आहे. मॅक आणि लिनक्सबद्दल शेवटी.

व्ह्यू, सॉर्ट आणि ग्रुप

या तीन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि निम्मा गोंधळ त्यांची सरमिसळ झाल्यामुळे होतो. व्ह्यू म्हणजे फाइल दिसते कशी: मोठं चित्र, छोटं चित्र, यादी की तपशिलांचा तक्ता. सॉर्ट म्हणजे क्रम. ग्रुप म्हणजे त्या क्रमावर पाडलेले कप्पे. फोल्डरमधल्या मोकळ्या जागेवर राइट क्लिक केलं की 'व्ह्यू', 'सॉर्ट बाय' आणि 'ग्रुप बाय' असे तिन्ही पर्याय समोर येतात.

व्ह्यू झटपट बदलायचा तर कंट्रोल आणि शिफ्ट दाबून धरून 1 ते 8 मधला आकडा दाबा. 1 म्हणजे सर्वांत मोठी चित्रं, 5 म्हणजे साधी यादी, 6 म्हणजे 'डिटेल्स', म्हणजे कॉलम असलेला तक्ता. कंट्रोल दाबून माउसचं चाक फिरवलं तरी एकेक व्ह्यू बदलत जातो. चुकून कंट्रोल दाबलेलं असताना चाक फिरलं की चित्रं एकदम मोठी होतात. फोल्डर 'आपोआप' बदलला असं वाटतं, त्याचं हे एक नेहमीचं कारण. कागदपत्रांसाठी 'डिटेल्स'ला तोड नाही. फोटोंसाठी मोठी चित्रं बरी, पण फोटो तारखेवरून शोधायचे असतील तर तिथेही 'डिटेल्स'च कामाला येतं.

चित्रांच्या जागी सगळीकडे एकसारखी आयकन दिसत असतील, तर 'ऑप्शन्स'मधल्या (ते कुठून उघडायचं ते पुढे येईल) 'व्ह्यू' टॅबवर 'ऑलवेज शो आयकन्स, नेव्हर थंबनेल्स' ही खूण पडली आहे का ते पाहा. फक्त आयफोनमधून आलेले एचईआयसी फोटो तसे दिसत असतील, तर बहुधा त्या प्रकारासाठी लागणारं 'हेफ इमेज एक्स्टेन्शन्स' मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घ्यायचं राहिलेलं असतं.

डाउनलोड्समधले मथळे हा ग्रुपचा परिणाम. मे 2019 मध्ये आलेल्या विंडोज 10 च्या अपडेटपासून डाउनलोड्स फोल्डर मुळातच तारखेप्रमाणे, नवीन फाइल वर अशा पद्धतीने लागतो. 'सॉर्ट बाय'मध्ये जाऊन 'नेम' निवडलं तरी मथळे जात नाहीत, कारण मग प्रत्येक कप्प्याच्या आत तेवढा नावाचा क्रम लागतो आणि कप्पे तसेच राहतात. त्यासाठी 'ग्रुप बाय'मध्ये जाऊन 'नन' निवडायचं. मेनूमध्ये तो पर्याय कंसात लिहिलेला असतो आणि नजरेतून सुटतो.

कॉलम

'डिटेल्स'मध्ये कॉलमच्या नावावर क्लिक केलं की त्याप्रमाणे क्रम लागतो, पुन्हा क्लिक केलं की उलटा होतो. कॉलमवरचा बारीक बाण क्रमाची दिशा सांगतो. एक कॉलम लावून झाल्यावर शिफ्ट दाबून दुसऱ्यावर क्लिक केलं, तर पहिल्यात सारख्या असलेल्या फायली दुसऱ्याप्रमाणे लागतात. आधी प्रकार आणि प्रकाराच्या आत तारीख, असा क्रम त्यामुळे मिळतो.

कॉलमच्या पट्टीवर राइट क्लिक करून हवे ते कॉलम वाढवता येतात. 'मोअर' दाबलं की लांबलचक यादी उघडते. फोटोची लांबीरुंदी, गाण्याचा कालावधी, कागदपत्राचा लेखक असं बरंच काही त्यात आहे. नको तो कॉलम तिथेच काढा. 'नेम' मात्र काढता येत नाही. नावं अर्धवट दिसत असतील तर कंट्रोल दाबून आकड्यांच्या वेगळ्या कीपॅडवरचं अधिकचं चिन्ह दाबा. सगळे कॉलम आतल्या मजकुराइतके रुंद होतात.

'टाइप' कॉलम फसवा आहे. तो फाइलच्या नावामागच्या पीडीएफ किंवा डॉक्ससारख्या अक्षरांप्रमाणे लागत नाही, त्या प्रकाराच्या इंग्रजी वर्णनाप्रमाणे लागतो. वर्डची फाइल 'मायक्रोसॉफ्ट वर्ड डॉक्युमेंट' म्हणून एमखाली जाते. पीडीएफ कुठे जाईल हे ती कोणत्या प्रोग्रॅमने उघडते त्यावर ठरतं: अॅक्रोबॅट असेल तर 'ए'खाली, एज असेल तर 'एम'खाली. म्हणून प्रोग्रॅम बदलला की क्रमही बदलतो. एका जातीच्या फायली खात्रीने एकत्र हव्या असतील, तर 'मोअर'च्या यादीतून 'फाइल एक्स्टेन्शन' हा कॉलम घ्या आणि त्याप्रमाणे लावा.

कॉलमच्या नावाच्या उजव्या टोकाला माउस नेला की खाली तोंड केलेला एक छोटा बाण दिसतो. तो क्रमाचा नाही, चाळणीचा आहे. त्यात एखाद्या खुणेवर चुकून क्लिक झालं की त्या खुणेत न बसणाऱ्या फायली दिसेनाशा होतात. फायली डिलीट झाल्या म्हणून घाबरण्याआधी कॉलमच्या नावाशेजारी बरोबरची खूण आली आहे का ते पाहावं.

तारखा अनेक असतात

सर्वांत जास्त घोळ इथे होतो. 'डेट मॉडिफाइड' म्हणजे फाइलमधला मजकूर शेवटचा बदलला ती वेळ. 'डेट क्रिएटेड' म्हणजे ही फाइल या जागी तयार झाली ती वेळ. तुम्ही 2019 सालचं एक पत्र आज पेन ड्राइव्हवरून काँप्युटरवर कॉपी केलंत, तर त्याची बदलल्याची तारीख 2019 चीच राहते आणि तयार झाल्याची तारीख आजची होते. फाइल तयार होण्याआधीच बदलली गेली, असं चित्र दिसतं. ती चूक नाही. दोन तारखा दोन वेगळ्या गोष्टी मोजतात. त्याच ड्राइव्हवर फाइल नुसती हलवली, तर दोन्ही तारखा होत्या तशाच राहतात.

झिप फाइल उघडून बाहेर काढलेल्या फायली 'सापडत नाहीत', याचं कारणही हेच. बाहेर काढताना बदलल्याची जुनी तारीख बहुतेक वेळा तशीच येते. त्यामुळे नवीन फाइल वर अशा क्रमात ती वर न येता दोन-तीन वर्षांपूर्वीच्या फायलींत जाऊन बसते. डाउनलोड्ससाठी 'डेट क्रिएटेड' कॉलम वाढवून त्याप्रमाणे लावलं, तर जी फाइल शेवटी आली तीच वर दिसते. माझ्या मते त्या फोल्डरसाठी हाच क्रम योग्य आहे.

फोटोंना तिसरी तारीख असते: 'डेट टेकन'. ती कॅमेऱ्याने फोटोच्या आत लिहिलेली असते, म्हणून कितीही वेळा कॉपी केलं तरी बदलत नाही. सहलीचे फोटो लावायला हीच वापरावी. पण व्हॉट्सअॅपवरून फोटो म्हणून आलेल्या चित्रांमधली ही माहिती पाठवतानाच निघून जाते आणि कॉलम रिकामा राहतो. दोन्हीकडचे फोटो एकाच फोल्डरमध्ये असले, तर व्हॉट्सअॅपचे एका टोकाला गोळा होतात. तिथे 'डेट मॉडिफाइड'वर समाधान मानावं लागतं, किंवा ते फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावेत. फोटोंच्या फोल्डरमध्ये नुसता 'डेट' नावाचाही एक कॉलम असतो. तो फोटोची काढल्याची तारीख असेल तर ती दाखवतो, नसेल तर दुसरी एखादी, त्यामुळे एकाच कॉलममध्ये दोन अर्थांच्या तारखा येतात. अचूक क्रम हवा असेल तर तो टाळावा. 'डेट अॅक्सेस्ड'वरही विसंबू नये. फाइल उघडल्याची नोंद विंडोज दरवेळी करतंच असं नाही.

फोल्डरच्या स्वतःच्या तारखेचा नियम आणखी वेगळा. फोल्डरमध्ये थेट एखादी फाइल आली, गेली किंवा तिचं नाव बदललं, तरच फोल्डरची बदलल्याची तारीख पुढे सरकते. आतल्या फोल्डरच्याही आत काही झालं तर बाहेरच्याला त्याचा पत्ता नसतो. म्हणून 'कालच यात काम केलं, तरी फोल्डर खाली कसा?' असं होतं.

नावांचा क्रम

2001 साली आलेल्या विंडोज एक्सपीपासून एक्स्प्लोरर नावातल्या आकड्यांना संख्या म्हणून वाचतं. त्यामुळे 'धडा 2' आधी येतो, 'धडा 10' नंतर. नुसतं एकेक अक्षर पाहिलं असतं तर 1, 10, 11, 2 असा क्रम लागला असता. कित्येक टीव्ही, गाडीतले म्युझिक प्लेअर आणि काही प्रोग्रॅम अजून तसाच लावतात. म्हणून फायली काँप्युटरबाहेर जाणार असतील तर आकड्यांपुढे शून्य लावण्याची सवय चांगली. शंभराच्या आत फायली असतील तर 01, 02. त्याहून जास्त असतील तर 001, 002.

संख्या समजली तरी तारीख मात्र त्याला समजत नाही. '05-03-2024' आणि '12-01-2024' या दोन नावांत एक्स्प्लोरर आधी 05 आणि 12 पाहतो आणि 5 मार्च वर, 12 जानेवारी खाली लावतो. नावात तारीख घालायचीच असेल तर वर्ष, महिना, दिवस अशी घाला: '2024-01-12', '2024-03-05'. 1988 साली प्रसिद्ध झालेल्या आयएसओ 8601 या मानकातली ही पद्धत आहे. तिचा मोठा फायदा असा की नावाचा क्रम आणि काळाचा क्रम एकच होतो, मग फाइल कुठेही कॉपी झाली आणि बाकीच्या तारखा बदलल्या तरी हरकत नाही. महिन्यांची नावं लिहिली की एप्रिल, ऑक्टोबर, ऑगस्ट असा भलताच क्रम लागतो.

नावांत आधी चिन्हं येतात, मग आकडे, मग इंग्रजी अक्षरं आणि त्यानंतर देवनागरी. एखादा फोल्डर कायम वर हवा असेल तर नावाच्या सुरुवातीला अधोरेषा (_) द्या.

आकडे संख्या म्हणून वाचणं काही वेळा अडचणीचं होतं, विशेषतः अक्षरं आणि आकडे मिसळलेल्या कोड नंबरांच्या फायलींत. ते बंद करता येतं. विंडोजच्या प्रो आवृत्तीतल्या ग्रुप पॉलिसी एडिटरमध्ये 'अॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स', 'विंडोज कंपोनंट्स', 'फाइल एक्स्प्लोरर' असं जा आणि 'टर्न ऑफ न्यूमेरिकल सॉर्टिंग इन फाइल एक्स्प्लोरर' हा नियम चालू करा. होम आवृत्तीत हा एडिटर नसतो.

फोल्डरचा प्रकार आणि त्याची आठवण

आता मुख्य भाग. फोल्डरवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा आणि 'कस्टमाइज' टॅबवर जा. तिथे 'ऑप्टिमाइझ धिस फोल्डर फॉर' असं लिहिलेलं दिसेल आणि पाच पर्याय असतील: जनरल आयटम्स, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक, व्हिडिओज. हाच फोल्डरचा प्रकार. तुम्ही निवडला नाहीत तर विंडोज आतल्या फायली पाहून स्वतः ठरवतं. कागदपत्रांच्या फोल्डरमध्ये स्कॅन केलेली चित्रं वाढत गेली, की एक दिवस तो 'पिक्चर्स' ठरतो, कॉलम बदलतात आणि मोठी चित्रं दिसायला लागतात. मांडणी आपोआप बिघडण्याचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं.

उपाय असा. 'जनरल आयटम्स' प्रकारचा एखादा फोल्डर उघडा. त्यात व्ह्यू 'डिटेल्स' करा, हवे ते कॉलम ठेवा, क्रम लावा, ग्रुप 'नन' करा. मग तीन टिंबांच्या मेनूतून 'ऑप्शन्स' उघडा. विंडोज 10 मध्ये ते 'व्ह्यू'च्या पट्टीवर उजवीकडे असतं. 'व्ह्यू' टॅबवर 'अप्लाय टु फोल्डर्स' दाबा आणि 'येस' म्हणा. त्या प्रकारचे सगळे फोल्डर आता तसे दिसतील, आधी वेगळे लावलेलेही. पण फक्त त्याच प्रकारचे. लोकांचा अपेक्षाभंग होतो तो इथेच: बटण एकदा दाबलं की सगळा काँप्युटर बदलेल असं त्यांना वाटतं. पाचही प्रकार हवे असतील तर प्रत्येक प्रकारच्या एकेका फोल्डरमधून हेच पाच वेळा करावं लागतं. बटण फिकं दिसत असेल तर बहुधा ती खिडकी कंट्रोल पॅनेलमधून उघडलेली असते. ती बंद करून प्रत्यक्ष फोल्डरमधून उघडा. शेजारचं 'रिसेट फोल्डर्स' सगळं मूळपदावर नेतं.

एखाद्या मोठ्या फोल्डरचा प्रकार पक्का करायचा असेल, तर 'कस्टमाइज' टॅबवरच 'ऑल्सो अप्लाय धिस टेम्प्लेट टु ऑल सबफोल्डर्स' या ओळीपुढे खूण करा. आतल्या सगळ्या फोल्डरांना तोच प्रकार लागतो.

हजारो फायलींचा फोल्डर उघडताना पत्त्याच्या पट्टीत हिरवी रेघ रेंगाळत असेल, तर तिथेही प्रकारच तपासा. 'पिक्चर्स' किंवा 'व्हिडिओज' प्रकारात फोटो काढल्याची तारीख किंवा व्हिडिओचा कालावधी दाखवण्यासाठी एक्स्प्लोररला प्रत्येक फाइल आतून वाचावी लागते. प्रकार 'जनरल आयटम्स' करून 'डिटेल्स'मध्ये 'डेट मॉडिफाइड'प्रमाणे लावलं की बहुधा फोल्डर चटकन उघडतो, कारण ती तारीख फाइल न उघडताच मिळते.

मांडणीची आठवण रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आपली सेटिंग्ज जिथे साठवतं तिथे, राहते. तिथल्या कप्प्यांना 'की' म्हणतात: एचकी करंट युजरखाली सॉफ्टवेअर, क्लासेस, लोकल सेटिंग्ज, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, शेल या वाटेने गेल्यावर 'बॅग्ज' आणि 'बॅगएमआरयू' नावाच्या दोन की दिसतात. बाकी सगळं करूनही फोल्डर ऐकत नसतील, तर या दोन्ही की आधी 'एक्स्पोर्ट' करून जपून ठेवा, मग डिलीट करा आणि टास्क मॅनेजरमधून 'विंडोज एक्स्प्लोरर' रिस्टार्ट करा. सगळ्या फोल्डरांची पाटी कोरी होते. प्रकार आपोआप ठरवणंच बंद करायचं असेल, तर 'बॅग्ज' की पुन्हा तयार करून तिच्यात 'ऑलफोल्डर्स' आणि त्यात 'शेल' अशा की करा. 'शेल'मध्ये 'फोल्डरटाइप' नावाची स्ट्रिंग व्हॅल्यू घ्या आणि तिची किंमत 'नॉटस्पेसिफाइड' ठेवा. ही नावं रोमन अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता टाइप करायची. रजिस्ट्रीत हात घालायची सवय नसेल तर इथवर जाऊ नका. 'अप्लाय टु फोल्डर्स'नेच बहुतेकांचं काम भागतं.

मॅक आणि लिनक्स

मॅकच्या फाइंडरमध्ये कमांड आणि 1 ते 4 ने अनुक्रमे आयकन, यादी, कॉलम आणि गॅलरी असे व्ह्यू मिळतात. कमांड आणि जे दाबलं की त्या फोल्डरची सगळी सेटिंग उघडतात. यादीच्या व्ह्यूमध्ये खाली 'यूज अॅज डिफॉल्ट्स' असतं, पण ते ज्या फोल्डरांची स्वतःची मांडणी साठलेली नाही त्यांनाच लागू होतं. याच खिडकीत 'कॅल्क्युलेट ऑल साइझेस'वर खूण केली की फोल्डरांचे आकारही दिसतात. विंडोजच्या 'साइझ' कॉलममध्ये फोल्डरपुढे काहीच येत नाही. 'डेट अॅडेड' हा कॉलमही इथे आहे, डाउनलोड्ससाठी अगदी नेमका. फोल्डर वर आणि फायली खाली हव्या असतील तर फाइंडरच्या सेटिंग्जमधल्या 'अॅडव्हान्स्ड' भागात नावाप्रमाणे लावताना फोल्डर वर ठेवण्याचा पर्याय आहे, तो 2016 मधल्या सिएरा या मॅकच्या आवृत्तीपासून आला.

मॅक मांडणी प्रत्येक फोल्डरमध्येच 'डीएस स्टोअर' नावाच्या लपवलेल्या फायलीत लिहितो. मॅकवर वापरलेला पेन ड्राइव्ह विंडोजवर लावला की टिंबाने सुरू होणारी ही फाइल दिसू शकते. ती व्हायरस नाही. काढून टाकली तर फक्त त्या फोल्डरची मांडणी जाते.

लिनक्सवर केडीई या डेस्कटॉपच्या डॉल्फिन या फायली पाहण्याच्या प्रोग्रॅममध्ये हा प्रश्न सर्वांत सरळ सुटला आहे. प्रत्येक फोल्डरची मांडणी वेगळी लक्षात ठेवायची की सगळ्यांना एकच, हे सेटिंगमध्ये एका निवडीने ठरतं, आणि आकडे संख्या म्हणून वाचायचे की नाही हेही तिथेच. ग्नोम या दुसऱ्या डेस्कटॉपच्या 'फाइल्स' प्रोग्रॅममध्ये पर्याय मोजके आहेत, पण फोल्डर आधी लावण्याची सोय प्रेफरन्सेसमध्ये आहे.

एक शेवटची जागा राहते. विंडोजमध्ये एखाद्या प्रोग्रॅममधून 'ओपन' किंवा 'सेव्ह अॅज' केल्यावर उघडणारी खिडकी स्वतःची मांडणी एक्स्प्लोररपेक्षा वेगळी लक्षात ठेवते. एक्स्प्लोररमध्ये सगळं जुळवूनही तिथे मथळे किंवा मोठी चित्रं दिसत असतील, तर त्याच खिडकीतल्या मोकळ्या जागेवर राइट क्लिक करून व्ह्यू, सॉर्ट आणि ग्रुप पुन्हा एकदा लावा.